धंद्याचे नियम कोणी लिहायचे?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्या गुरुजींनी आयुष्यभर रात्रीच्या वर्गात कारागिरांच्या मुलांना ड्रॉइंग वाचायला शिकवलं. व्याख्यानमालेच्या संयोजन समितीनं मला विषय निवडायची मोकळीक दिली, तेव्हा आज गुरुजी असते तर त्यांनी कशाचा वर्ग काढला असता, असा विचार मी केला. त्यातून हा विषय आला.

छोट्या कारखान्यांसाठी संगणकाची कामं करण्यात माझं आयुष्य गेलं. या काळात एक प्रश्न मला सतत विचारला जातो. वीस-तीस कामगारांची फौंड्री किंवा मशीनशॉप चालवणारा मालक विचारतो, "साहेब, हे प्रोग्रॅमिंग मीच शिकून घेऊ, की एखादा डेव्हलपर ठेवू?" अलीकडे त्याला जोड मिळाली आहे, "की आता ते एआयच करून देईल?"

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. बाजारात जे तयार मिळतं ते विकत घ्या. जे तयार मिळत नाही ते बांधायला माणूस लावा. पण आपल्या धंद्याचे नियम यंत्राला कळतील इतके नेमके लिहिणं हे काम मालकाचं आहे. ते दुसऱ्यावर सोपवता येत नाही. ते जमण्यापुरता कोड मालकानं, किंवा मालकाच्या अगदी जवळच्या माणसानं, शिकलाच पाहिजे.

आता हे नियम म्हणजे काय, ते आपल्याच उद्यमनगर-शिरोलीच्या धंद्यातून बघू.

एक फौंड्री पंपाच्या केसिंगची कास्टिंग ओतते आणि ती शेजारच्या मशीनशॉपला जॉबवर्कला देते. या फौंड्रीनं एका होतकरू मुलाकडून माल ये-जा करण्याचा प्रोग्राम करून घेतला. स्क्रीन चांगली होती. चलन निघत होतं, हीट नंबर, म्हणजे नग भट्टीतल्या कोणत्या रसातून ओतला तो क्रमांक, नोंदला जात होता, परत आलेल्या मालाची संख्या भरली जात होती. त्यात एक रकाना होता, 'रिजेक्शन'. शंभर नग गेले, ब्याण्णव चांगले आले, आठ रिजेक्ट. स्टॉक बरोबर जुळायचा, पण महिनाअखेरीला मशीनशॉपवाल्याच्या हिशेबाशी पैसे काही जुळत नव्हते.

इथं बसलेल्या प्रत्येकाला कारण ठाऊक आहे. बोअर करताना आत ब्लोहोल उघडं पडलं, तर दोष मालाचा. ते मटेरियल रिजेक्शन. मशीनशॉपवाला म्हणणार, "माझी मजुरी द्या, तुमच्या कास्टिंगमध्ये भोक होतं त्याला मी काय करू?" आणि त्याचं म्हणणं रास्त आहे. पण बोअर ओव्हरसाइज झालं असेल, तर ते मशिनिंग रिजेक्शन. तिथं मजुरी तर नाहीच, उलट कास्टिंगच्या किमतीतून भंगाराची किंमत वजा करून उरलेली रक्कम त्याच्या नावे डेबिट पडते. नग पुण्याच्या ग्राहकाकडं पोचून तिथं नापास झाला, तर तिसराच हिशेब. ग्राहकाची डेबिट नोट येते, वाहतूक अंगावर पडते आणि ती कुणी किती सोसायची, हे हीट नंबर काढून ठरतं. शिवाय यातला प्रत्येक नग भंगार म्हणून पुन्हा भट्टीत जातो, म्हणजे वजन चार्जमध्ये परत धरावं लागतं.

त्या मुलाला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याला कुणी सांगितलंही नव्हतं. मालकाला सगळं माहीत होतं, पण ते त्याच्या डोक्यात होतं आणि फोरमनच्या डोक्यात होतं.

मी मालकांना म्हटलं, एका संध्याकाळी बसा आणि कोणत्या दोषाचा खर्च कुणी सोसायचा ते कागदावर लिहा. त्यांना वाटलं, दहा मिनिटांचं काम आहे. लिहायला बसल्यावर अपवाद बाहेर पडायला लागले. ब्लोहोल पहिल्याच ऑपरेशनला दिसलं, तरी ऑपरेटरनं काम न थांबवता पुढची दोन ऑपरेशनं उरकली, तर मजुरी किती द्यायची? त्यांची रीत अशी होती, की दोष जिथं दिसायला हवा होता त्या ऑपरेशनपर्यंतचीच मजुरी द्यायची, पुढची नाही. ही रीत वर्षानुवर्षं पाळली जात होती आणि एकदाही कुठं लिहिलेली नव्हती. मग दुसरा प्रश्न आला, की दोष दिसायला हवा होता हे ठरवायचं कुणी? फौंड्रीचा इन्स्पेक्टर आणि मशीनशॉपचा सुपरवायझर, दोघांची सही लागेल. म्हणजे फॉर्मवर ऑपरेशन नंबर हवा, दोषाचा प्रकार हवा आणि दोन सह्यांची जागा हवी.

मित्रांनो, प्रोग्रॅमिंगचं निम्म्याहून जास्त काम हेच आहे. 'असं असेल तर तसं कर, नाहीतर तसं कर' हे एकही फट न ठेवता लिहिणं. ते कोणत्या भाषेत टाइप करायचं हा नंतरचा प्रश्न. त्या मालकांनी हे नियम आधी एक्सेलमध्ये स्वतः मांडले, मागच्या महिन्याची खरी चलनं त्यात भरून पाहिली आणि हिशेब जुळल्यावर तो तक्ता त्या मुलाच्या हातात दिला. आधी निष्फळ ठरलेलं प्रोग्रामचं काम मग सुरळीत झालं.

माझ्या म्हणण्याला आपल्या देशातला सर्वांत मोठा दाखला टॅलीचा आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या ऑफिसात टॅली असेल, पण ते कसं जन्मलं हे थोड्यांनाच ठाऊक असतं. श्यामसुंदर गोएंका यांचा व्यवसाय कापड गिरण्यांना आणि कारखान्यांना कच्चा माल व यंत्रांचे सुटे भाग पुरवण्याचा. आपल्या हिशेबाला चालेल असं सॉफ्टवेअर त्यांना मिळेना. त्यांचा मुलगा भरत गणिताचा पदवीधर. वडिलांनी त्यालाच सांगितलं, तू लिही. 1986 साली बंगळुरात प्यूट्रॉनिक्स ही कंपनी निघाली आणि पुढं तिचंच टॅली सोल्यूशन्स झालं. भरत गोएंका यांना 2020 साली पद्मश्री मिळाली.

ही गोष्ट सांगताना लोक मुलाच्या हुशारीवर थांबतात. मला त्यात वडील अधिक महत्त्वाचे वाटतात. व्यापाऱ्याला खात्यांचे आकडी कोड पाठ करायचे नसतात, त्याला पार्टीच्या नावानं नोंद करायची असते, हे ज्याला रोजच्या व्यवहारातून कळतं असा माणूस प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या घरातच होता. धंदा जाणणारा आणि कोड जाणणारा यांच्यातलं अंतर जेवणाच्या ताटाइतकं होतं. बाहेरून डेव्हलपर लावताना हेच अंतर वाढतं, आणि मालक ते पैशानं भरून काढायला जातो. पैशानं ते भरून निघत नाही.

पण याच दाखल्यातून कुणी असा अर्थ काढू नये, की आपणही हिशेबाचं सॉफ्टवेअर घरी करावं. 1986 साली ते मिळत नव्हतं, आज मिळतं. खातेवही, जीएसटीची बिलं, पगारपत्रक यांचे कायदे सर्वांना सारखेच लागू असतात. तुमच्या फौंड्रीचा जीएसटी शेजारच्यापेक्षा वेगळा नसतो. 1 ऑगस्ट 2023 पासून वर्षाला पाच कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं. आपापल्या डेव्हलपरकडून ते जोडून घेण्यात महिने घालवण्यापेक्षा तयार पॅकेजची नवी आवृत्ती घेणं केव्हाही शहाणपणाचं. जिथं आपलं काम इतरांसारखंच आहे, तिथं विकत घ्यावं. जिथं आपली रीत वेगळी आहे आणि त्या वेगळेपणावर आपण पैसा कमावतो, तिथंच बांधावं. रिजेक्शनचा हिशेब, पॅटर्नची निगा, कोणत्या ग्राहकाच्या मालाला कोणती वाळू आणि कोणता कोअर चालतो त्याची नोंद, ही आपली खरी पुंजी. सांगलीच्या हळदीच्या अडत्याची पुंजी निराळी असेल, पण तोही याच कसोटीवर ठरवू शकतो.

आता माणूस लावायचा म्हटल्यावर काय होतं, ते पाहू. पीटर नाउर या डॅनिश संगणकशास्त्रज्ञानं 1985 साली 'प्रोग्रॅमिंग ॲज थिअरी बिल्डिंग' नावाचा निबंध लिहिला. त्यांना पुढं 2005 चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. नाउर यांचं म्हणणं असं, की प्रोग्राम म्हणजे केवळ लिहिलेल्या ओळी नव्हेत. प्रत्यक्ष व्यवहाराशी त्या ओळींचं नातं काय, अमुक गोष्ट अशीच का केली, ही जी समज लिहिणाऱ्याच्या मनात तयार होते ती खरी चीज. ती समज असलेली माणसं पांगली, की ओळी शिल्लक असूनही तो प्रोग्राम मेलेला असतो.

आपल्याकडं हे दर दिवाळीनंतर घडतं. बोनस घेऊन पोरगा पुण्याला जातो. त्याला जास्त पगार मिळतो, चांगलं काम मिळतं, त्याचं काही चुकत नाही. नवीन आलेला म्हणतो, "आधीच्यानं केलेलं काही कळत नाही, सगळं नव्यानं करू." मालक पुन्हा पहिल्या पायरीवर. नाउर यांचं म्हणणं मान्य केलं, तर उपाय एकच उरतो. ती समज ज्याच्यापाशी आहे असा एक माणूस कायम कारखान्यात असला पाहिजे, आणि कधीच सोडून न जाणारा माणूस म्हणजे मालक, किंवा त्याच्या घरचं कुणी.

एक ताजं उदाहरण देतो. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले. 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे जवळपास गेले, मुख्यतः 5 आणि 18 राहिले. ज्यांच्या खास करून घेतलेल्या प्रोग्राममध्ये दर थेट कोडच्या ओळीत घातलेला होता, त्यांना डेव्हलपरला शोधत बसावं लागलं. ज्यांच्याकडं दर वेगळ्या तक्त्यात होता आणि त्याच्यापुढं 'या तारखेपासून' असा रकाना होता, त्यांनी एक ओळ वाढवली. तारखेचा रकाना का हवा? कारण ऑगस्टमध्ये विकलेला माल ऑक्टोबरमध्ये परत आला, तर क्रेडिट नोट जुन्याच दरानं काढावी लागते. दर पुसून नवा लिहिला तर जुनी बिलं बिघडतात. डेव्हलपरला 'दर कुठं ठेवला आहेस आणि तारीख ठेवली आहेस का' एवढं विचारायला मालकाला कोडचा पंडित व्हावं लागत नाही. पण काहीच शिकलेलं नसेल, तर हा प्रश्न सुचतच नाही.

मग किती शिकायचं? इथं मला लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण होते. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते चित्रकला शिकायला गेले. रंगांधळेपणामुळे रंगकाम सोडावं लागलं, पण यांत्रिक ड्रॉइंग त्यांनी पक्कं केलं आणि पुढं व्हीजेटीआयमध्ये ते शिकवलंही. बेळगावच्या सायकलच्या दुकानातून 1910 साली किर्लोस्करवाडीपर्यंत गेलेल्या या माणसानं प्रत्येक नांगर स्वतः ओतला नाही. पण कागदावरची रेघ आणि लोखंडातली कड यांच्यात फरक पडला तर तो त्यांना दिसत होता. मालकाला कोड इतका यावा, जितकं फौंड्रीवाल्याला ड्रॉइंग येतं. स्वतः काढता आलं तर उत्तम, वाचता यायलाच हवं.

व्यवहारात सांगायचं तर आधी एक्सेल नीट शिका. रंग भरणं आणि बेरीज मारणं म्हणजे एक्सेल नव्हे. एका तक्त्यातली माहिती दुसऱ्याशी जोडणं, पिव्होट टेबल करणं, एका रकान्यात एकाच प्रकारची माहिती ठेवण्याची शिस्त लावणं हे एक्सेल. त्यानंतर एसक्यूएल. एडगर कॉड यांनी 1970 साली माहिती तक्त्यांत ठेवण्याची कल्पना शास्त्रशुद्धपणे मांडली. 1974 साली आयबीएममधल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा केली, तीच आजची एसक्यूएल. प्रोग्रामर नसलेल्या माणसालाही स्वतःच्या माहितीला प्रश्न विचारता यावा, हा त्यांचा हेतू होता. तो माणूस म्हणजे तुम्ही.

जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत आला नाही, तर जीएसटी कायद्याच्या 143 व्या कलमानुसार तो पाठवल्या दिवशीच विकला असं धरलं जातं. 'कोणत्या चलनावरचा माल दहा महिने झाले तरी आलेला नाही?' हा प्रश्न एसक्यूएलच्या चार-पाच ओळींत मावतो. 'कोणत्या बिलाला 45 दिवस उलटले?' हा त्याहून सोपा. हे प्रश्न महिन्यातून एकदा डेव्हलपरला फोन करून विचारणं आणि रोज सकाळी चहा घेताना स्वतः विचारणं, यात धंद्याच्या तब्येतीचा फरक पडतो.

यापुढं पायथन वगैरे ज्याला गोडी लागेल त्यानं शिकावं. पण मालकानं दिवसाचे चार-चार तास वेबसाइटचं बटण सरळ करण्यात घालवले, तर ते मला पटत नाही. त्या वेळात तो ग्राहकाकडं जाऊ शकला असता.

आणखी एक सांगायला हवं. शिकणारा माणूस मालकच असावा असा माझा हट्ट नाही. बऱ्याच कारखान्यांत मला असं दिसलं, की यासाठी सर्वांत योग्य माणूस स्टोअरमध्ये बसलेला असतो. डिस्पॅचच्या ताई, ज्यांना प्रत्येक चलनाचा इतिहास तोंडपाठ असतो. घरची सून, जी बी. कॉम. करून आली आणि दुपारी दोन तास ऑफिसात बसते. त्यांना कधी कुणी विचारतच नाही. पोरगा इंजिनिअर आहे म्हणून संगणक त्याच्यापुढं आणि कामाची खडान्खडा माहिती असलेली बाई त्याला फक्त आकडे सांगणार, ही वाटणी चुकीची आहे. तिला शिकवा. तिचा पगार वाढवा आणि तिला कामाचा वेळ म्हणून आठवड्यात काही तास द्या.

बाहेरचा डेव्हलपर लावाल तेव्हा कागद पक्का करा. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम साहित्यकृतीत धरला जातो. नोकरीतल्या माणसानं कामाचा भाग म्हणून लिहिलेला प्रोग्राम, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. बाहेरच्या फ्रीलान्सरनं लिहून दिलेला प्रोग्राम, तुम्ही पूर्ण पैसे दिले असले तरी, लेखी हस्तांतर नसेल तर त्याचाच राहतो. 19 वं कलम सांगतं, की हस्तांतर लेखी आणि सहीनिशी हवं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. किती कारखानदारांनी हे लिहून घेतलं आहे? डोमेनचं नाव डेव्हलपरच्या ई-मेलवर, सर्व्हर त्याच्या कार्डवर, सोर्स कोड त्याच्या लॅपटॉपवर अशी अवस्था मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. भांडण झालं की दार बंद. माणूस वाईट असतो असं नाही. सुरुवातीला कुणीच विचारलेलं नसतं.

पैसे टप्प्यानं द्या आणि प्रत्येक टप्पा खऱ्या कागदावर तपासा. डेमोसाठी तो स्वच्छ उदाहरण घेऊन येईल. तुम्ही त्याच्यापुढं गेल्या वर्षातलं सर्वांत गुंतागुंतीचं चलन ठेवा, अर्धा माल परत आलेलं, दोन गाड्यांत विभागलेलं, दर मधेच बदललेलं. ते नीट गेलं तर पैसे द्या. काम लांबलं म्हणून 'आणखी दोन पोरं लावा' असं म्हणू नका. आयबीएमच्या प्रचंड प्रकल्पाचा अनुभव घेतलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी 1975 सालीच लिहून ठेवलं, की लांबलेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर माणसं वाढवली की ते आणखी लांबतं. नव्याला समजावण्यात जुन्याचा वेळ जातो.

राहिला एआयचा प्रश्न. फेब्रुवारी 2025 मध्ये एआय संशोधक आंद्रे कार्पथी यांनी 'व्हाइब कोडिंग' हा शब्द आणला. आपण बोलायचं आणि कोड यंत्रानं लिहायचा. ही सोय खरी आहे. जे मालक कालपर्यंत इंग्रजी पुस्तकाला घाबरत होते, ते आज मराठीत प्रश्न विचारून एसक्यूएलची ओळ मिळवतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्या यंत्राला 'रिजेक्शनचा प्रोग्राम करून दे' म्हणालात, तर तेही एकच रकाना करून देण्याची शक्यता मोठी आहे. दोष कुठं दिसायला हवा होता, मजुरी कुठवर द्यायची, ही तुमच्या फोरमनच्या डोक्यातली रीत त्याला ठाऊक नाही. न सांगितलेली जागा ते स्वतःच्या अंदाजानं भरतं, आणि तो अंदाज इतका व्यवस्थित दिसतो की चूक लवकर सापडत नाही. म्हणून नियम लिहिण्याचं आणि तपासण्याचं काम कमी न होता वाढलं आहे. आणि एक सावधगिरी. ग्राहकाचं ड्रॉइंग, त्याचे दर, त्याचं नाव यंत्रापुढं ठेवण्याआधी ग्राहकाशी केलेला गुप्ततेचा करार काढून वाचा.

माझ्या या सभेकडं दोन मागण्या आहेत. पहिली इथल्या औद्योगिक संघटनांकडं. गुरुजी ज्या वेळेला ड्रॉइंगचा वर्ग घेत, त्याच संध्याकाळच्या वेळेला एक्सेल आणि एसक्यूएलचा वर्ग सुरू करा, मराठीत, आणि फौंड्रीची चलनं हेच त्याचं पाठ्यपुस्तक करा. त्यात अर्ध्या जागा स्टोअर आणि डिस्पॅचमधल्या माणसांसाठी राखून ठेवा. शिकवायला मी विनामूल्य येईन.

दुसरी मागणी प्रत्येक मालकाकडं. उद्या सकाळी ऑफिस उघडल्यावर आपलं डोमेन, सर्व्हर आणि सोर्स कोड कुणाच्या नावावर आहे ते तपासा, आणि रिजेक्शनचा खर्च कुणी सोसायचा याचे आपले नियम एका वहीत लिहायला घ्या. डेव्हलपरला फोन त्यानंतर करा.